भाड्याचे घर (भाग ४) : जुन्या सदनिकेची दुरुस्ती

भाड्याने देण्यासाठी जुनी सदनिका घेताना दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा लागतो. पुण्यातील तीसेक वर्षे जुन्या इमारतीत ६० लाखांना दोन बेडरूमची सदनिका घेतली आणि महिन्याला १८ हजार भाडे आले, तर वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. वरवर पाहता हा परतावा ३.६ टक्के. पण ७ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि दुरुस्तीचे ३ लाख मिळवले की गुंतवणूक साडेसदुसष्ट लाखांवर जाते. सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, किरकोळ कामे आणि दोन भाडेकरूंच्या मधला एखादा रिकामा महिना यांत वर्षाला ७० हजार गेले, तर हाती १ लाख ४६ हजार उरतात, म्हणजे जेमतेम २.१६ टक्के. भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर फिटेल, ही अपेक्षा या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुरुस्तीत काय करायचे आणि काय टाळायचे, हेही याच हिशेबाने ठरते. फॉल्स सीलिंग आणि दिव्यांच्या सजावटीवर लाखभर रुपये घातले आणि भाडे महिन्याला पाचशेने वाढले, तर ते पैसे वसूल व्हायला सोळा वर्षांहून अधिक काळ लागतो. उलट गळक्या बाथरूममुळे चांगला भाडेकरू सहा महिन्यांत घर सोडतो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी वाद होतो तो वेगळाच. म्हणून पैसा आधी पाण्याच्या कामावर घालावा.

जुन्या इमारतींत भिंतीतले पाइप बहुधा जीआयचे असतात. ते आतून गंजून अरुंद होतात, नळाची धार बारीक होते आणि सांध्यांतून पाणी झिरपू लागते. फरशी उखडायचीच असेल तर हे पाइप बदलून सीपीव्हीसीचे टाकणे शहाणपणाचे, कारण पुढे एका गळतीसाठी नवी टाइल फोडावी लागते. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवण्याचा स्वस्त मार्ग बाथरूमसाठी वाईट. त्याने गळती झाकली जाते, थांबत नाही. जुना थर काढून, वॉटरप्रूफिंग करून, नहाणी ट्रॅपकडे नीट उतार द्यावा. टाइल बसवण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर दोनेक इंच पाणी साठवावे, पातळीपाशी भिंतीवर खडूने खूण करावी आणि ते निदान २४ तास तसेच ठेवावे. पाणी खुणेच्या बरेच खाली गेले किंवा खालच्या घराच्या छताला ओल दिसली, तर काम पुन्हा करून घ्यावे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

विजेत अर्थिंग तपासून घेणे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवणे ही कामे कधीही गाळू नयेत. प्रश्न भाडेकरूच्या जिवाचा असतो. गिझर आणि एसी यांना स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचे पॉइंट हवेत. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा वर्षानुवर्षे टिकतो. सिंकखालचे कपाट पार्टिकल बोर्डचे केले तर ते पहिल्याच गळतीत फुगते. तिथे बीडब्ल्यूपी प्लायवूड वापरावे. रंग सगळ्यात शेवटी आणि ओल पूर्ण वाळल्यावरच द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे पहिल्या पावसाळ्यातच निघतात.

काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे. कॉलम, बीम किंवा स्लॅबला हात लावू नये. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत. मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, तीही भाडेकरू आल्यावर मिळत नाही. प्राप्तिकरात, मिळकतकर वजा केल्यानंतरच्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीवर तीन लाख खर्च झाले तरी ही वजावट वाढत नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या बिलांवर कर वाचेल असे गृहीत धरू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा करार असला तरी नोंदणी चुकत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. कराराला पंखे, गिझर, नळ आणि किल्ल्यांची यादी जोडावी, प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत आणि ताबा देतानाचे वीजमीटरचे रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. घर सोडताना अनामत रकमेतून काय कापायचे, हे याच यादीवरून ठरते. बदललेले पाइप आणि वायर भिंतीत कुठून गेले आहेत, त्याचे काम चालू असतानाचे फोटोही मालकाने जपून ठेवावेत. पुढच्या भाडेकरूला पडदे किंवा कपाट लावण्यासाठी भिंतीला ड्रिल मारायचे असते, तेव्हा ते उपयोगी पडतात.