पिसे काढण्याचे यंत्र आणि त्याची कळ

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत कोंबडीची पिसे काढण्याचा विषय घ्यावा, हे काहींना रुचणार नाही. तथापि पोटाशी निगडित असलेले कोणतेही काम आम्ही क्षुद्र मानीत नाही. यंत्र आणि माणूस यांच्यातील जो प्रश्न गिरणीत दिसतो, तो एका प्लॅस्टिकच्या पिंपातही दिसतो.

आपल्या खेड्यांत पाहुणा आला की घरची एक कोंबडी कापतात, गरम पाण्यात बुचकळून पिसे उपटतात, जाळावर भाजून हळद लावतात. एका कोंबडीला यंत्र कशाला? अमेरिकेतील खेड्यांत मात्र पुष्कळ कुटुंबे घरच्या मांसासाठी पंचवीस-पन्नास पक्षी एकदम पाळतात. कॉर्निश आणि पांढरा प्लिमथ रॉक यांच्या संकराचा हा पक्षी ६ ते ८ आठवड्यांत तयार होतो. त्यापुढे ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पायांनी अधू होऊ लागतो. म्हणून सारा कळप एकाच दिवशी कापावा लागतो. एका पक्ष्याची पिसे हाताने काढण्यास १० मिनिटे धरली, तरी पन्नास पक्ष्यांना आठ तासांहून अधिक वेळ लागेल. बोटे सुजतात ती येथेच.

यावर निघालेले यंत्र साधे आहे. उभ्या पिंपाच्या आतल्या बाजूस रबराची बोटे बसविलेली असतात. तळाशी तशीच बोटे असलेली तबकडी मोटारीने फिरते. पक्षी आत टाकला की तो गरगर फिरून उसळतो, आणि रबर पिसांना घासून ती ओढून काढते. वरून पाण्याची धार सोडली की पिसे तबकडीच्या कडेच्या फटीतून खाली जातात. अर्ध्या मिनिटात काम होते. न्यूयॉर्क राज्यातील हेरिक किंबॉल यांनी असे यंत्र घरी कसे बांधावे, याचे पुस्तकच लिहिले. त्यामुळे ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

परंतु यंत्राचे यश यंत्राच्या आधीच ठरलेले असते. पक्ष्याला उलट्या नरसाळ्यात डोके खाली करून ठेवतात, म्हणजे तो फडफडून पंख मोडून घेत नाही. धारदार सुरीने मानेच्या रक्तवाहिन्या कापून रक्त पूर्ण वाहू द्यावे. प्राण गेल्याची खात्री झाल्यावाचून पाण्यात बुडवू नये. ते क्रूर आहे आणि मांसासही अपायकारक आहे. पाणी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस असावे, आणि पक्षी मिनिटभर त्यात हालवीत राहावा. उष्णतेने पिसाच्या मुळाची पकड सैल होते. शेपटीचे मोठे पीस सहज निघाले की पुरे. पाणी थंड असेल तर पिसे निघत नाहीत. फार तापले तर कातडी शिजते आणि पिंपात फाटते. दोष मात्र यंत्राला लागतो! शिवाय येथे पाणी आणि वीज शेजारी असतात. वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ बसविल्यावाचून यंत्र चालवू नये, आणि ते फिरत असता हात आत घालू नये.

पुढचे काम पुन्हा हाताचेच. राहिलेली खुंटे काढणे, आतडे न फोडता पोट साफ करणे, काळजाजवळची पित्ताची पिशवी अखंड काढणे. ती फुटली तर मांस कडू होते. मग मांस बर्फाच्या पाण्यात गार करून, ताठरपणा जाईपर्यंत थंड जागी ठेवावयाचे.

आता मुद्द्याची गोष्ट. हेच तत्त्व मोठ्या कारखान्यांत चालते. तेथे पिसे क्षणात निघतात आणि पक्षी पट्ट्यावरून कामगारांसमोर येतच राहतात. अमेरिकेत २०१४ च्या नियमांत पोट साफ करण्याच्या पट्ट्याला मिनिटास १४० पक्ष्यांची मर्यादा घातली गेली. पुढे काही कारखान्यांना १७५ पर्यंत सूट मिळाली. एकच हालचाल दिवसभर करून तेथील कामगारांची मनगटे दुखावतात, बोटे बधिर होतात. ज्या यंत्राने घरातल्या बोटांची सूज वाचविली, त्याच जातीच्या यंत्राने कारखान्यातील हात मोडावेत, हे कसे? यंत्र तेच, फरक कळीचा आहे. घरी दमलेला माणूस स्वतः कळ बंद करतो, पाणी पितो, सुरीला धार लावतो. कारखान्यात कळ दुसऱ्याच्या हाती असते.

आपल्या शहरांतील कोंबडीच्या दुकानांतही हे पिंप दिसू लागले आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र अजून कातडीसकटच पिसे ओढून काढतात. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. बोटे वाचविणाऱ्या वस्तूला विरोध करणे हा कामगाराचाच द्रोह होईल. दुकानदाराला आमचे एवढेच सांगणे आहे: प्रत्येक पक्ष्यामागे जी मिनिटे वाचली, त्यांतील काही सुरी परजण्यास, हात व ओटा धुण्यास आणि पाठ टेकण्यास द्या. सगळीच मिनिटे आणखी पक्षी कापण्यात घातली, तर पिसांबरोबर माणूसही सोलला जाईल.