घसाऱ्यापलीकडची मोटार

व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत मोटारगाडीला फारसे मानाचे स्थान नसते. जागेची किंमत वाढते, सोने टिकते, माल विकला जातो. मोटार मात्र दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून घसाऱ्याच्या खात्यावर जाते आणि काही वर्षांत तिचे मूल्य वहीत नाममात्र उरते. मग ती विकावी आणि नवी घ्यावी, हा व्यवहाराचा सरळ मार्ग. असे असता, अमेरिकेसारख्या हिशेबी देशात साठ-साठ वर्षांच्या जुन्या मोटारी असंख्य माणसे पदरमोड करून का विकत घेतात, आणि एकदा घेतलेली गाडी सोडायला का तयार नसतात, हा प्रश्न कोणाही व्यापारी मनाला पडावा असाच आहे. त्याचे उत्तर एका मोटारीच्या कहाण्यांतून चांगले उलगडते. ती मोटार म्हणजे फोर्ड कंपनीची मस्टँग.

एक दिली, एक राहिली

मस्टँगचे जाहीर पदार्पण १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात झाले. तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर ठेवण्यात आली होती. नुकत्याच कमावत्या झालेल्या तरुणाला झेपेल अशी ही किंमत होती, आणि रूप मात्र धनिकाच्या गाडीचे होते. पहिल्याच दिवशी बावीस हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच दहा लाखावी मस्टँग कारखान्याबाहेर आली.

यांतील क्रमांक एकची गाडी वास्तविक विकायची नव्हतीच. ती कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे दर्शनी गाडी म्हणून पाठवली होती. ती एका वैमानिकाच्या नजरेत भरली, विक्रेत्याने ती त्याला विकून टाकली, आणि कंपनीला ही चूक उशिरा उमगली. वैमानिकाने गाडी परत करण्यास नकार दिला आणि ती मनमुराद चालवली. अखेर दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर कंपनीने तिच्या बदल्यात नवी कोरी, सर्व सोयींनी युक्त मस्टँग देऊ केली, तेव्हा कोठे १९६६ मध्ये ही अदलाबदल झाली. क्रमांक एकची गाडी आज मिशिगन राज्यात डियरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात उभी आहे. जुनी देऊन नवी मिळाली; सौद्यात कोणाचे नुकसान झाले नाही.

दुसरी कहाणी शिकागोची. बावीस वर्षांची एक शिक्षिका १५ एप्रिल १९६४ रोजी, म्हणजे अधिकृत विक्रीला अजून दोन दिवस अवकाश असताना, एका विक्रेत्याकडे गेली. तिला टप दुमडणारी गाडी हवी होती. विक्रेत्याने आतल्या बाजूस झाकून ठेवलेली आकाशी निळी मस्टँग तिला दाखवली. गाडी चालवून पाहण्याचीही तिला गरज वाटली नाही. आईवडिलांकडून पैसे उसने घेऊन सुमारे ३,४०० डॉलरांना तिने ती घरी आणली. पुढे लग्न झाले, मुले झाली, आणि हीच गाडी संसाराची गाडी झाली. पंधरा वर्षांनी ती बंद पडली आणि घराच्या गॅरेजमध्ये जाऊन बसली. दुरुस्तीचे काम आजचे उद्यावर जात राहिले आणि त्यात सत्तावीस वर्षे सरली. जागा अडते म्हणून पत्नीने तक्रार करावी आणि निवृत्तीनंतर हेच तर काम करायचे आहे असे पतीने म्हणावे, असे चालले होते. पतीने अखेर शब्द पाळला. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी पूर्ण दुरुस्त केली, आणि मग उमगले की अमेरिकेत ग्राहकाला विकलेली ही पहिली मस्टँग असावी. मस्टँगला साठ वर्षे झाली त्या २०२४ सालीही ती गाडी त्याच घरी होती.

सत्तावीस वर्षे बंद पडलेली वस्तू सांभाळणाऱ्या त्या घराला तिची पुढची कीर्ती ठाऊक नव्हती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

टाकून देण्यासाठी घडवलेली वस्तू

या साऱ्यातील मोठा विरोधाभास असा, की त्या काळच्या अमेरिकन मोटारी टिकवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षे जवळजवळ एकाच साच्यातून निघत राहिली आणि दीड कोटींहून अधिक खपली. तिला शह दिला जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी. दरवर्षी गाडीचे रूप बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी चालत असूनही मालकाला जुनी वाटू लागेल, हे त्यांचे धोरण होते. १९२७ मध्ये रूपरचनेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याची सूत्रे हार्ले अर्ल यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धातील लाइटनिंग या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून स्फूर्ती घेऊन १९४८ च्या कॅडिलॅकला मागे लहानसे पंख फुटले. पुढे दरवर्षी ते वाढत गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांनी कळस गाठला. चालण्याच्या कामी त्या पंखांचा काही उपयोग नव्हता. ते केवळ नव्या वर्षाची द्वाही फिरवत होते.

परंतु कारखानदाराने मांडलेला हा हिशेब काळाने उलटा फिरवला. दरवर्षी रूप बदलल्यामुळे प्रत्येक गाडीवर तिच्या सालाची मुद्रा उमटली. जाणकार माणूस १९५५, १९५६ आणि १९५७ च्या शेव्हरोले बेल एअर गाड्या दुरूनच वेगळ्या ओळखतो. वडिलांनी आणलेली पहिली गाडी, महाविद्यालयाचे शेवटचे वर्ष, लग्नानंतरचा पहिला लांबचा प्रवास, यांतील प्रत्येक प्रसंगाला त्या त्या सालाचा चेहरा मिळाला. १९५६ च्या कायद्याने देशभर ४१,००० मैलांचे महामार्गांचे जाळे विणण्यास आरंभ झाला होता, आणि कुटुंबाचे सुट्टीतील प्रवास मोटारीनेच होत होते. जुने ठरवण्यासाठी केलेला बदलच अशा रीतीने आठवणीची खूण होऊन बसला. वयाच्या अठराव्या वर्षी जी गाडी हवीहवीशी वाटली पण परवडली नाही, ती माणूस पन्नाशीत, मुले मार्गी लागल्यावर, शोधू लागतो, यात मग नवल वाटत नाही.

हाताला कळणारे यंत्र

स्मृती हे एक कारण झाले. दुसरे कारण यंत्रातच आहे. १९६० च्या दशकातील अमेरिकन गाडीचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, स्पार्क प्लग, रेडिएटर असा सगळा संसार डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो. इंजिनाच्या भोवती हात फिरायला जागा असते. पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा संयम एवढ्या सामग्रीवर घरचा माणूस पुष्कळ कामे स्वतः करू शकतो. आजच्या गाडीत बिघाड शोधायला आधी संगणक जोडावा लागतो. जुन्या गाडीत तो कानाने ऐकता येतो, नाकाने ओळखता येतो.

शिवाय या गाड्या लाखांच्या संख्येने निघाल्या, आणि त्यामुळे त्यांच्या सुट्या भागांचा धंदाही मोठा झाला. दाराच्या रबरी पट्टीपासून तळाच्या पत्र्यापर्यंत जवळपास सर्व काही नव्याने बनवलेले मिळते; पहिल्या पिढीच्या मस्टँगचा तर संपूर्ण सांगाडाही नवा मिळू शकतो. तरीही ज्याला अस्सल जुनाच भाग हवा असतो, तो ऑक्टोबर महिन्यात पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावची वाट धरतो. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील जुन्या मोटारींच्या राष्ट्रीय संघटनेचा हा मेळा म्हणजे सुट्या भागांचा जुना बाजारच होय. गंजलेले कंदील, मूठभर खिळे-चाप, जुन्या माहितीपुस्तिका यांच्यासाठी तेथे घासाघीस चालते. रेट्रोफिट केलेल्या भागापेक्षा मूळ भागाचा शोध घेण्यात कित्येकांची वर्षे जातात.

या गाड्यांचे दोष हौशी माणसाला ठाऊक नसतात असे नाही. मोठ्या इंजिनाची गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटरच जाते. बहुतेकींना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात आणि ते उताराला तापून ढिले पडतात. सीट बेल्ट कायद्याने सक्तीचे झाले ते १९६८ पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ते नव्हतेच. शिवाय हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेल्या मिठाने उत्तरेकडील गाड्यांचे पत्रे गंजून जातात. म्हणून कॅलिफोर्निया-ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील गाडीला भाव अधिक मिळतो. शहाणा मालक ब्रेक सुधारून घेतो, पट्टे बसवतो, आणि गाडी जपून, हौसेपुरतीच बाहेर काढतो.

बाजारभावाची खरी गोष्ट

मग यात पैसा नाही का? आहे, पण मोजक्यांचा. तिसरी कहाणी त्याचीच. स्टीव्ह मॅक्वीन यांच्या १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर धावलेली गडद हिरवी मस्टँग १९७४ मध्ये एका विमा व्यवसायातील गृहस्थाने मासिकातील जाहिरात पाहून सुमारे ६,००० डॉलरांना घेतली. १९७३ च्या तेलटंचाईमुळे मोठ्या इंजिनाच्या गाड्यांची तेव्हा मंदी होती. गृहस्थाची पत्नी त्याच गाडीतून शाळेत शिकवायला जाई. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीन यांनी पत्र लिहून गाडी मागितली, तरी या कुटुंबाने ती दिली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला आणि गाडी उभी राहिली. घरातील कर्ता पुरुष २०१४ मध्ये वारला. मुलाने ती चालती केली, पण जुन्या रंगाला हात लावला नाही. जानेवारी २०१८ मध्ये ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे आली आणि जानेवारी २०२० च्या लिलावात ३४ लाख डॉलरांच्या बोलीला विकली गेली.

छेचाळीस वर्षांचा हा हिशेब चक्रवाढीने वर्षाला सुमारे पंधरा टक्के पडतो. कोणत्याही पेढीने समाधान मानावे असा हा दर आहे. परंतु अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच. सामान्य गाडीचे पत्राकाम, रंगकाम, इंजिनाची बांधणी आणि आतील बैठक यांचा खर्च मांडला तर तो बहुधा तिच्या बाजारभावाहून अधिकच भरतो. जाणती माणसे नवख्याला हेच सांगतात, की नफ्यासाठी घ्यायची असेल तर घेऊ नये.

या बाजाराने आपली पारखही निर्माण केली आहे. इंजिनावर कोरलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, यावर किमतीत मोठा फरक पडतो. सोन्यावरील छापाइतकेच त्याला महत्त्व. कारण साध्या गाडीला महागड्या गाडीचा साज चढवून विकणारेही आहेत. विम्याची रीतही वेगळी आहे. गाडीचे मूल्य आधीच दोन्ही बाजूंनी ठरवून लिहून घेतले जाते आणि त्यावर घसारा धरला जात नाही. गाडी बंद जागेत ठेवावी आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरू नये, अशी अट त्याला असते.

मुंबईचा धागा

अमेरिकन मोटारीशी आपल्या समाजाचेही एक नाते आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लीमथ आणि डीसोटो गाड्यांची जुळणी होऊ लागली. त्याआधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना चालू होताच. त्या काळच्या काही गाड्या आजही जुन्या घराण्यांतून जपलेल्या आहेत. त्यांच्या मालकांचे काम मात्र अमेरिकेतील मालकांहून कठीण. सुटा भाग परदेशातून मागवावा किंवा कुशल कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, असे त्यांचे स्वरूप आहे. त्यामुळे अशा ठेवीला कायद्याची ओळख तरी मिळाली.

पुढच्या हाती

डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची फेरी निघते. हजारो गाड्या संथ गतीने जातात आणि लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून त्या पाहत बसतात. चालकांत पांढऱ्या केसांची माणसे पुष्कळ. या छंदापुढचा आजचा खरा प्रश्न येथेच दिसतो. पैशाने गाडी विकत मिळते, सुटे भाग मिळतात. परंतु थंडीच्या सकाळी इंजिन चालू करताना चोक किती ओढावा, कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा, हे ज्ञान हातातून हातातच जाते. वडिलांनी ते मुलाला, मुलीला शेजारी उभे करून शिकवले नसेल, तर वारशात आलेली गाडी हे केवळ जागा अडवणारे लोखंड होते आणि पहिल्या संधीला लिलावात जाते.

म्हणून ज्या घरांत गाडी टिकली, तेथे तिच्याभोवती एकत्र काम करण्याची सवयही टिकली, असे आढळते. शिकागोच्या त्या शिक्षिकेच्या पतीने निवृत्तीनंतर हाती घेतलेले काम आणि वडिलांच्या पश्चात मुलाने सुरू केलेले हिरव्या मस्टँगचे इंजिन, या दोन्हींत एकच गोष्ट होती. कोणीतरी मागे ठेवलेले काम घरातील माणसाने आपले मानले होते. वहीत त्या गाड्यांचे मूल्य केव्हाच शून्यावर आले होते.