बाहेरचें जेवण आणि एक प्रश्न

गेल्या सालीं इयत्ता आठवीच्या मुलांस घेऊन आम्ही मुंबईच्या सहलीस गेलों होतों. राणीचा बाग व तेथील भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय पाहून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले, आणि आमची ती भुकेलेली पलटण एका प्रशस्त उपाहारगृहांत शिरली. डोसे आले, वडे आले, चटणीच्या वाट्या आल्या, आणि जो तो खाण्यांत गुंग झाला. एक मुलगा मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. त्यास शेंगदाणा सोसत नाहीं, हें त्याच्या वडिलांनीं आम्हांस लिहून कळविलें होतें. तें पत्र आमच्या खिशांत होतें, पण मनांत राहिलें नव्हतें. शेजारच्या मुलांनीं ‘नखरे करतो’ म्हणून त्याची थट्टा आरंभिली, आणि आम्हींहि म्हटलें, “अरे, पानावर बसून अन्नाला नाहीं म्हणूं नये. वाढप्यानें सांगितलें ना, चटणी नारळाची आहे म्हणून?” तो हळूच म्हणाला, “सर, आचाऱ्याला एकदां विचाराल का?”

केवळ त्याचें समाधान व्हावें येवढ्याचसाठीं आम्ही भटारखान्याच्या दारापाशीं गेलों. आचारी मोकळेपणानें म्हणाला, “नारळ महाग झालाय, साहेब. अर्धा नारळ, अर्धे शेंगदाणे.” हें वाक्य ऐकून आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. त्या दिवशीं त्या मुलानें केळीं खाऊन भूक भागविली, आणि आम्ही मात्र एक धडा घेऊन परत आलों. तो धडा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

जें अन्न शंभर जणांस पोषक, तेंच एखाद्यास घातक कां व्हावें? ह्या कोड्याचा उलगडा गेल्या सव्वाशें वर्षांत हळूहळू होत आला. फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिए ह्या शास्त्रज्ञांनीं एका समुद्रजीवाचें विष कुत्र्यांस टोंचून पाहिलें. पहिल्या वेळीं जगलेलीं कांहीं कुत्रीं कांहीं आठवड्यांनीं तेंच विष अगदीं अल्प प्रमाणांत दिल्याबरोबर मेलीं. शरीर संवयीनें खंबीर होण्याऐवजीं उलट अधिक हळवें झालें होतें. ह्या प्रकारास रिशे यांनीं १९०२ सालीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ असें नांव दिलें, आणि ह्या कार्याबद्दल त्यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. पुढें १९२१ सालीं कार्ल प्राउस्निट्झ यांनीं एक विलक्षण प्रयोग केला. त्यांचे सहकारी हाइन्ट्स क्यूस्टनर यांस मासे सोसत नसत. क्यूस्टनर यांच्या रक्तांतील द्रव प्राउस्निट्झ यांनीं स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला व दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. पाहतां पाहतां तेथें गांधी उठली! रक्तांतच कांहींतरी असतें, हें त्यावरून सिद्ध झालें. तें ‘कांहींतरी’ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ई नांवाचें द्रव्य होय, हें १९६० नंतरच्या दशकांत कळून आलें.

शरीरांत एक पहारेकरी असतो असें समजा. रोगजंतु आले कीं त्यानें आरोळी द्यावी, हें त्याचें काम. ॲलर्जी असलेल्या माणसाचा पहारेकरी शेंगदाण्यास, अंड्यास किंवा कोळंबीसच शत्रु समजतो आणि सारें घर डोक्यावर घेतो. मग अंगावर गांधी उठतात, ओंठ व जीभ सुजतात, ओकारी होते, पोटांत कळा येतात. प्रसंग बिकट असेल तर घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब उतरून घेरी येते. हीं चिन्हें कधीं कांहीं मिनिटांत, तर कधीं तासा-दोन तासांत दिसतात. गांधी उठल्या कीं आपल्याकडे ‘पित्त उठलें’ असें म्हणून आमसुलाचें पाणी लावितात. परंतु तें एखादा पदार्थ खाल्ल्यावर लागलीच व पुनःपुन्हां होत असेल, तर तें वैद्यास दाखविलें पाहिजे. दूध पचत नाहीं म्हणून पोट फुगणें ही गोष्ट निराळी. तींत त्रास आहे, पण श्वास कोंडण्याचें भय नाहीं. ॲलर्जींत तें भय असतें.

ह्या ठिकाणीं आपल्याकडील दोन समजुतींचा विचार करणें अवश्य आहे. पहिली समजूत ‘थोडेंसें चालतें’ ही. पहारेकऱ्यास आरोळी देण्यास शत्रूचें सैन्य लागत नाहीं, नुसती सांवली पुरते. तसेंच कित्येकांस शेंगदाण्याचा कणहि पुरतो. दुसरी समजूत ‘थोडें थोडें देत गेलें कीं संवय होते’ ही. हिला आधार म्हणून कोणी एका ब्रिटिश प्रयोगाकडे बोट दाखवील. ४ ते ११ महिने वयाच्या ६४० तान्ह्या मुलांवर केलेल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांस लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमानें दिले, त्यांपैकीं फारच थोड्यांस पुढें ही बाधा जडली. परंतु ती बाधा जडण्यापूर्वींची गोष्ट होती, आणि तींतहि तपासणी करून मुलें निवडलीं होतीं. एकदां जडलेल्या ॲलर्जीवर हा उपाय घरच्या घरीं करणें म्हणजे आगीशीं खेळणें होय. तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावयाचा.

घरांत हें सारें संभाळणें त्या मानानें सोपें असतें, कारण घरची कढई कोणाची व डब्यांत काय, हें आईस ठाऊक असतें. उपाहारगृहाची गोष्ट वेगळी. तेथें गिऱ्हाइकापुढें वाढपी असतो व आचारी भिंतीआड असतो. सकाळीं वाटण करून गेलेला माणूस संध्याकाळीं हजर असेलच असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं सकाळींच मोठ्या पातेल्यांत दाट रस्सा करून ठेवितात आणि दिवसभर त्यांतूनच दहा नांवांच्या भाज्या निघतात. त्यास दाटपणा येण्यासाठीं काजूची पेस्ट घालण्याची रीत सर्रास आहे. पण पदार्थाच्या नांवांत काजू नसतो. आपल्या महाराष्ट्रांत तर दाण्याचें कूट कोठें नाहीं? साबुदाण्याच्या खिचडींत आहे, काकडीच्या कोशिंबिरींत आहे, भरल्या वांग्यांत आहे. कोंकण-गोव्याकडे एखाद्या भाजींत सुकी कोळंबी किंवा जवळा चवीपुरता असतो. शिवाय एकाच तेलांत मासे व बटाटे तळले, एकाच झाऱ्यानें दोन्ही काढले, तर बटाट्याससुद्धां माशाचा संसर्ग होतो. भाजल्यानें किंवा तळल्यानें शेंगदाण्याचा हा दोष जात नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां मोठ्या शहरांत जेवणाची एक नवी तऱ्हा रूढ होत आहे. तिला ‘टेस्टिंग मेनू’ म्हणतात. तींत पाहुण्यानें पदार्थ निवडावयाचे नसतात. आचारी आपल्या पसंतीनें सात-आठ, दहा, कधीं त्याहूनहि अधिक पदार्थ घांसा-दोन घांसांच्या मापानें एकामागून एक पाठवितो. स्पेनमधील एल बुली हें उपाहारगृह ह्या प्रकाराबद्दल जगप्रसिद्ध होतें. तें २०११ सालीं बंद झालें. परंतु तेथें एका बैठकीस तीसहून अधिक लहान पदार्थ वाढीत. मुंबईंत महालक्ष्मी भागांत २०१६ सालीं उघडलेल्या ‘मास्क’ ह्या उपाहारगृहानेंहि हीच पद्धत उचलली. आपल्या पंगतींतहि पाहुणा निवड करीत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें, पण पंगतींत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी यांची पानावरील जागा ठरलेली असते, व काय वाढलें तें डोळ्यांस दिसतें. नव्या तऱ्हेच्या जेवणांत एका चमच्यांत दहा जिन्नस दडलेले असतात. त्यांत कोठें फेंस, कोठें भुकटी, तर कोठें सुगंधी तेलाचा थेंब. डोळे व जीभ दोन्ही येथें फसतात.

तथापि गंमत अशी कीं, नीट चालविलेल्या ठिकाणीं हेंच जेवण ॲलर्जी असलेल्या माणसास अधिक सुरक्षित होऊं शकतें. जागा राखून ठेवतेवेळींच तेथें ‘आपणांस कोणता जिन्नस वर्ज्य आहे?’ असें विचारितात. पाहुणे मोजके, पदार्थ ठरलेले, आणि प्रत्येक पदार्थांत काय आहे हें आचाऱ्यास पाठ असतें. म्हणून तो वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळें भांडें घेऊन निराळा पदार्थ करूं शकतो. मात्र हें पाहुण्यानें आधीं कळविलें तरच. कित्येक रस्से व अर्क आदल्या दिवशींच सिद्ध झालेले असतात. पान मांडल्यावर ‘मला काजू चालत नाहीं’ असें सांगितलें, तर बिचारा आचारी तरी काय करील? ऐन वेळीं काजू वेंचून काढतां येतो, पण काजूचा अंश वेंचून काढतां येत नाहीं.

ह्या बाबतींत निरनिराळ्या देशांनीं कायदेहि केले आहेत. युरोपीय संघांत १३ डिसेंबर २०१४ पासून १४ जिन्नसांविषयीं उपाहारगृहांनींसुद्धां गिऱ्हाइकांस माहिती दिली पाहिजे, असा नियम झाला. त्यांत शेंगदाणा, दूध, अंडें, मासे, तीळ व मोहरी हीं आहेत. २०१६ सालीं इंग्लंडांतील नताशा नांवाची १५ वर्षांची मुलगी विमानप्रवासापूर्वीं विकत घेतलेला पाव खाऊन मरण पावली. पावाच्या कणकेंतच तीळ होते, आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईबापांनीं पुढें खटपट केली. त्यामुळें दुकानांतच बांधून ठेविलेल्या खाद्यपदार्थांवरहि सर्व जिन्नस लिहिण्याचा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आला. लोक त्यास ‘नताशाचा कायदा’ म्हणतात. आपल्या देशांत अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनीं बंद पुडक्यांवर अशा जिन्नसांचा उल्लेख आवश्यक केला आहे. दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांसहि ही माहिती देण्यास त्यांनीं सांगितलें आहे. परंतु त्या नियमांतील यादींत तीळ व मोहरी नव्हतीं, आणि कोपऱ्यावरची खानावळ किंवा वडापावची गाडी तर त्यांच्या कक्षेबाहेरच राहिली. कायद्याचा हात जेथें पोंचत नाहीं, तेथें आपल्या तोंडांतील प्रश्नच कामास येतो.

तो प्रश्न कसा विचारावा? ‘यांत शेंगदाणे आहेत का?’ असें घाईघाईनें विचारिलें, तर ‘नाहीं’ हें उत्तरहि घाईघाईनेंच येतें. त्यापेक्षां असें म्हणावें: “ह्या मुलास शेंगदाण्यानें जिवास धोका आहे. चटणींत, कुटांत, तेलांत कोठें शेंगदाणा आहे का, तें आचाऱ्यास विचारून सांगा.” शक्य तर हें मराठी, हिंदी व इंग्रजींत एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठीच आंत पाठवावी, तोंडीं निरोप वाटेंत बदलतो, कागद बदलत नाहीं. गर्दीची वेळ टाळावी. उत्तर देणाऱ्यास खात्री नसेल, तर तो पदार्थ घेऊं नये व त्याजवर रागावूंहि नये. ‘मला ठाऊक नाहीं’ असें सांगणारा माणूस खोटें ‘नाहीं’ सांगणाऱ्यापेक्षां शतपटीनें बरा. हात धुतांना साबण व पाणी वापरावें, कारण नुसत्या जंतुनाशक द्रवानें शेंगदाण्याचा अंश निघत नाहीं.

आणि इतकें करूनहि प्रसंग ओढवलाच तर? दम लागणें, घसा आवळणें, घेरी येणें यांपैकीं कांहीं दिसतांच पहिला उपाय ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन हा होय. डॉक्टरांनीं तें मुलाजवळ दिलें असेल, तर शिकविल्याप्रमाणें मांडीच्या बाहेरील बाजूस तें तत्काळ द्यावें. गांधींवरच्या गोळ्यांची वाट पाहत बसूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास उताणें निजवून पाय उंच करावे. दम लागत असेल तर टेंकून बसूं द्यावें, पण उठवून चालवूं नये. बरें वाटलें तरी रुग्णालयांत न्यावेंच; कारण कित्येकदां कांहीं तासांनीं तीं चिन्हें पुन्हां उद्भवतात.

विद्यार्थिमित्रांनो, आग्रह हें आपल्या पंगतीचें भूषण आहे. ‘एक तरी घ्याच’ असें म्हटल्यावांचून आपणांस पाहुणचार केल्यासारखें वाटत नाहीं. पण ज्याचा ‘नको’ हा जिवाशीं निगडित आहे, त्यास केलेला आग्रह हा पाहुणचार नव्हे. डब्यांतला लाडू मित्रास देण्यापूर्वीं ‘यांत दाणे आहेत, तुला चालतील ना?’ असें विचारणें, हाच खरा पाहुणचार. आणि ज्यास बाधा आहे, त्यानें विचारण्यास लाजूं नये. आमच्या त्या विद्यार्थ्यानें थट्टा सोसली, आमचा उपदेशहि सोसला, पण आपला प्रश्न सोडला नाहीं. म्हणून तो सुखरूप घरीं गेला. परत येतांना आगगाडींत आम्हीं सर्व मुलांसमक्ष त्याची क्षमा मागितली.

वडिलांचें पत्र आतां आम्ही खिशांत ठेवीत नाहीं. सहलीच्या यादींत प्रत्येक मुलाच्या नांवापुढें ‘काय चालत नाहीं’ असा एक रकाना आम्हीं आखला आहे. पालकांनीं तो आठवणीनें भरून द्यावा, अशी त्यांस नम्र विनंती आहे. तो भरल्यावांचून यापुढें आमची सहल निघावयाची नाहीं.