वाचनालय बोलके कसे होईल?

तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे ना? असेलच बहुधा. महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. आता दुसरा प्रश्न विचारतो, तो जरा अवघड आहे. गेल्या महिन्यात तुमच्या घरातले कोण त्या वाचनालयात गेले होते? आणि गेले असतील तर वर्तमानपत्र चाळून परत आले, की एखादे पुस्तक घेऊन आले?

पुष्कळ गावांत या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. वाचनालयावर पाटी असते, आत चार कपाटे असतात, कपाटांना कुलूप असते, कुलपाची किल्ली चिटणिसांकडे असते, आणि चिटणीस कामानिमित्त तालुक्याला गेलेले असतात! यात एकट्या चिटणिसांना बोल लावण्यात अर्थ नाही. पुस्तक मागायला कोणी येत नाही म्हणून कपाट उघडत नाही, आणि कपाट उघडत नाही म्हणून कोणी येत नाही. हे रहाट असेच फिरत राहते. पण त्यात नुकसान कुणाचे होते? शाळा सुटल्यावर ज्या मुलीच्या हाती पुन्हा छापील पान पडत नाही, तिचे होते. चार-सहा वर्षांनी ती अडखळत वाचू लागते आणि पुढे सहीपुरतीच साक्षर उरते. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सात वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे ८२ जण साक्षर होते. पण साक्षर होणे निराळे आणि साक्षर राहणे निराळे. शेताला एकदा पाणी दिले म्हणून पीक हाती येत नाही. पाळ्या द्याव्या लागतात. वाचनालय हे त्या पाळ्या देण्याचे ठिकाण आहे.

मग हे रहाट उलटे कसे फिरवायचे? त्यासाठी तीन साधे कार्यक्रम आज मी तुम्हांला सुचवणार आहे. पहिला लेखकाशी गप्पांचा, दुसरा वाचकमंडळाचा आणि तिसरा चित्रपट दाखवण्याचा. तुम्ही म्हणाल, "अहो, ही शहरातली थेरं. आमच्या गावात कशी चालायची?" म्हणून आधी इतिहासातली दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही आपल्या अगदी जवळची आहेत.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण मुले शाळेत शिकलेले विसरून जातात, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. तेव्हा १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतले आणि शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. खर्चाची वाटणी मोठी न्याय्य होती. एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवायचा, तेवढाच स्थानिक मंडळाने घालायचा आणि तेवढाच सरकारने. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. गावाने पुस्तके वाचायची, पेटी परत करायची आणि दुसरी मागवायची.

पण मला खरे कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. या ग्रंथालय खात्याची एक शाखा चित्रांतून शिक्षण देण्यासाठी होती. जादूचा कंदील आणि चलच्चित्राचे यंत्र घेऊन तिची माणसे खेड्यात जात, फुकट खेळ दाखवत आणि समजावून सांगत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा नुकता रांगत होता, त्याच दशकात ग्रंथालयाने त्याला आपल्या कामाला जुंपले होते. ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचा धनी आहे, हा त्यामागचा विचार होता.

दुसरे उदाहरण आकाशवाणीचेच आहे. सन १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत १५० गावे निवडली. प्रत्येक गावी वीसेक शेतकऱ्यांचे एक श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर वीस कार्यक्रम त्यांनी एकत्र बसून ऐकले. आणि रेडिओ बंद झाल्यावर उठून न जाता ऐकलेल्यावर चर्चा केली. पुढे तपासणी झाली, तेव्हा मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत चांगली भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी पडली नव्हती. यातून काय शिकायचे? रेडिओ तोच होता, कार्यक्रम तेच होते. फरक पडला तो नंतरच्या बोलण्याने. पुस्तकाचेही तसेच आहे.

आता आपल्या तीन कार्यक्रमांकडे वळू.

वाचकमंडळ आधी घेतो, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही आणि ते आपल्याला परकेही नाही. श्रावणात पोथी लागते ना? हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. एक जण वाचतो, दहा जण ऐकतात, मध्येच थांबून कोणी अर्थ सांगतो, कोणी शंका काढतो. हे वाचकमंडळच झाले! फक्त पोथीच्या जागी कधी कादंबरी, कधी चरित्र, कधी शेतीवरचे पुस्तक ठेवायचे. माणसे आठ ते बारा पुरेत. त्याहून अधिक झाली की दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. "एकाच पुस्तकाच्या बारा प्रती आणायच्या कुठून?" ही अडचण खरी आहे. तिला उत्तर म्हणजे मोठ्याने वाचणे. दर बैठकीत पाऊण तास वाचावे, अर्धा तास बोलावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मग या मंडळात बरोबरीने बसता येते. वाचणारा मात्र आलटून पालटून असावा. आज अडखळणारी मुलगी चौथ्या बैठकीला सरळ वाचू लागेल.

पुस्तक कोणते घ्यावे? उदाहरण म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आटोपशीर आहे. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीत तरुण मास्तर येतो, वाडीच्या साथीने तालीम उभी करतो आणि पुढे दुष्काळ पडतो, अशी ती गोष्ट आहे. वाचून झाल्यावर "कादंबरी कशी वाटली?" असे विचारू नका. "छान वाटली" एवढेच उत्तर येईल आणि बैठक संपेल! असे विचारा: वाडीने मास्तरांना आपले केव्हा मानले? तालीम बांधण्यात त्यांनी केले ते बरोबर केले का? दुष्काळात वाडी उठून गेली, तशी वेळ आपल्या गावावर आली होती का, आणि तेव्हा कोण गेले, कोण राहिले? मग बघा, म्हातारी माणसे कशी बोलू लागतात. त्यांनी सांगितलेले एखाद्याने वहीत टिपून ठेवले, तर गावाच्या इतिहासाचे पहिले पानही तिथेच लिहिले जाईल.

एक पथ्य सांगतो. बायकांचे मंडळ रात्री भरवू नका. स्वयंपाक, धारा, लेकरे यांतून त्यांना रात्री सवड नसते. दुपारची वेळ त्यांनाच विचारून ठरवा. आणि वस्ती लांब असेल तर वस्तीवरच्या बायकांनी गावात यावे असा हट्ट नको. बडोद्याची लाकडी पेटी आठवा. एका पिशवीत दहा पुस्तके घालून वाचनालयच वस्तीवर जाऊ द्या.

दुसरा कार्यक्रम लेखकाच्या भेटीचा. लेखक म्हटले की आपल्याला पुण्या-मुंबईचे मोठे नाव आठवते. मोठे नाव आले तर आनंदच आहे. पण तुमच्याच तालुक्यात कविता लिहिणारी शिक्षिका असेल, बोलीतल्या म्हणी गोळा करणारा कोणी असेल, पाण्यावर किंवा पिकांवर पुस्तक लिहिणारा शेतकरी असेल. त्यांना आधी बोलवा. एस.टी.चे भाडे, एक वेळचे जेवण आणि वाचून आलेले श्रोते एवढे त्यांना पुष्कळ असते.

'वाचून आलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. लेखक येण्याआधी महिनाभर त्याचे पुस्तक वाचनालयात असले पाहिजे आणि निदान वाचकमंडळाने ते वाचलेले असले पाहिजे. नाही तर काय होते, तुम्ही पाहिलेच असेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे चार शब्द (ते चारशेच्या खाली कधी नसतात!), आणि मग घड्याळाकडे पाहत पाहुण्यांचे भाषण. प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. त्याऐवजी स्वागत पाच मिनिटांत उरकावे. लेखकाने अर्धा तास बोलावे आणि आपल्या पुस्तकातले थोडे वाचून दाखवावे. उरलेला तास प्रश्नांना द्यावा. उठून बोलायला संकोच वाटतो, म्हणून प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाराशी एक टेबल मांडावे. त्यावर पाहुण्यांची आणि त्याच विषयावरची इतर पुस्तके, शेजारी देवघेवीचे रजिस्टर. मन तापलेले असते त्याच वेळी पुस्तक हातात पडले पाहिजे.

तिसरा कार्यक्रम चित्रपटाचा. इथे एक आक्षेप हटकून येतो: "पिक्चर दाखवलात तर पुस्तक वाचणार कोण?" आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये सिनेमा आहे. आक्षेप अगदी पोकळ नाही. पण मोबाइलवर माणूस एकटा पाहतो. वाचनालयात गाव एकत्र पाहते आणि नंतर बोलते. श्रोतामंडळांचा अनुभव इथेही लागू पडतो.

यासाठी 'श्यामची आई' हे उदाहरण घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावर आचार्य अत्र्यांनी काढलेला चित्रपट १९५३ सालचा; राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाची रचनाच मुळी बैठकीची आहे. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, आणि पुस्तकाची प्रकरणे म्हणजे त्या एकेक रात्री. तेव्हा आधीच्या आठवड्यात शाळेत तीन-चार रात्री वाचून घ्याव्यात आणि मग चित्रपट दाखवावा. कीर्तनकार आधी पूर्वरंगात विषय मांडतो आणि मग उत्तररंगात आख्यान लावतो, तसे. खेळानंतर मुलांना विचारावे, पुस्तकातले काय पडद्यावर आले नाही? काय वेगळे दिसले? तुम्ही मनात पाहिलेली आई आणि पडद्यावरची आई सारखीच होती का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला मुले पुन्हा पुस्तकाकडे जातात. 'बनगरवाडी'वरही अमोल पालेकरांचा १९९५ सालचा चित्रपट आहे. मोठ्यांच्या मंडळाला तो उपयोगी पडेल.

व्यवस्थेच्या दोन-चार गोष्टी. शाळेची चुन्याने रंगवलेली भिंत पडद्याचे काम करते. प्रोजेक्टर एखाद्या हायस्कुलाकडून किंवा महाविद्यालयाकडून मागून आणता येतो. आवाजाचा कर्णा पडद्याजवळ ठेवा, लोकांच्या पाठीमागे नको. लहान मुले पुढे आणि म्हाताऱ्यांना टेकायला जागा. पावसाळा आणि सुगीचे दिवस टाळा. आणि परवानगी विसरू नका. तिकीट लावले नाही म्हणजे परवानगी लागत नाही, असा पुष्कळांचा समज आहे; तो खरा नाही. घरी पाहण्यासाठी घेतलेला चित्रपट चारचौघांत दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी संमती घ्यावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमचा वाटा मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्र एक विनंती आहे. वाचकमंडळात गुरुजी होऊन बसू नका. तिथे अर्थ सांगण्याची घाई केलीत की बाकीचे गप्प होतात. तुमचे काम प्रश्न टाकण्याचे आणि गप्प बसणाऱ्याकडे वळून "तुम्हांला काय वाटतं, मावशी?" असे विचारण्याचे.

आणखी एक गोष्ट सर्वांसाठीच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा; तो १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याखाली अनुदान मिळते ते तुमच्या-आमच्या करातून. म्हणून वाचनालय कोणा एका आळीचे, एका जातीचे किंवा एका पक्षाचे असू शकत नाही. गावच्या राजकारणाला दुसरी जागा पुष्कळ आहे. वाचनालयाच्या सतरंजीवर दोन्ही गटांच्या माणसांना शेजारी बसता आले पाहिजे. नाही तर आज आलेली बारा माणसे उद्या सहा होतील.

तर मंडळी, तिन्ही कार्यक्रम एकदम सुरू करू नका. येत्या महिन्यात एवढेच करा: आठ माणसे जमवा, एक वार आणि एक वेळ ठरवा, किल्ली त्या वेळी जागेवर राहील अशी सोय करा आणि एक पुस्तक मोठ्याने वाचायला घ्या. तीन महिने खंड पडू न देता हे चालले, तर लेखकाला पत्र पाठवा. भिंतीवरचा चित्रपट त्यानंतर. आणि दर महिन्याच्या शेवटी देवघेवीचे रजिस्टर उघडून किती नवी नावे आली ती मोजा. टाळ्यांवरून कार्यक्रम जोखू नका. त्या नावांवरून जोखा.