पारा उतरतो, तेव्हा यांचे चेहरे फुलतात!

"सूनबाई, साडेचार!"

गच्चीच्या जिन्यावरून मामंजींची हाक आली आणि मी धडपडत उठले. बाहेर मिट्ट काळोख. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. वाटलं, साडेचार वाजले, मामंजींना चहा हवा असेल. पदर सावरत स्टोव्हकडे धावले, तर सासूबाई गोधडीतूनच म्हणाल्या, "अगं, निज तू. घड्याळातले साडेचार नव्हेत ते, पाऱ्यातले!"

तेवढ्यात मामंजी आत आलेच. कानटोपी, अंगावर धाबळी, हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू नातू झाल्याची तार आली आहे. "सूर्य उगवेपर्यंत आणखी अर्धा अंश उतरतो की नाही बघा!"

चाळीसेक वर्षांपूर्वीची ही नाशिकची गोष्ट. मामंजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. विडी नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, हवामानाचं. दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की यांचे डोळे उत्तरेकडे लागायचे. वर्तमानपत्र आलं, की पहिलं पान सोडून आधी हवामानाचा रकाना. गावात त्यांच्यासारखेच आणखी दोघं-तिघं होते. एक पोस्टातले, एक पंचवटीतले वैद्य. संध्याकाळी भेटले की सुरू: "तुमच्याकडे किती?" "सहा." "आमच्याकडे साडेपाच!" मुलांचे मार्क सांगावेत तशी चढाओढ.

मला आधी हसू यायचं, मग राग यायचा. गार पाण्यात धुणं धुताना माझी बोटं बधिर व्हायची आणि यांना आनंदाच्या उकळ्या! मनात म्हणे, बंबातलं ऊन पाणी आयतं मिळतंय, तेव्हा थंडीचं कौतुक करायला यांचं काय जातंय?

थंडीच का?

एकदा धीर करून विचारलंच. "मामंजी, उन्हाळा म्हणजे हवामान नाही का? थंडीचंच एवढं काय?"

ते म्हणाले, "उन्हाळा ठरल्या वेळी येतो आणि महिनोन् महिने मुक्काम ठोकतो. पावसाची वाट सगळेच पाहतात, पण तिथे पोटाचा प्रश्न; गंमत कसली? थंडीची लाट म्हणजे पाहुणी. येईल, न येईल. आली तर दोन-चार दिवस. आणि ती येण्यासाठी किती गोष्टी जुळाव्या लागतात, ठाऊक आहे? लग्न जुळवण्यासारखं आहे हे!"

मग त्यांनी ते जुळवणं समजावून सांगितलं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं वादळी हवेचे पट्टे पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर, हिमाचलात ते बर्फ पाडतात. ते पुढे सरकले, की त्यांच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात आणि राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात, नाशकात उतरतात.

पण एवढ्यानं भागत नाही. हे म्हणजे नुसती पसंती आली. पुढचं सारं आपल्या अंगणात ठरतं. रात्री आभाळ निरभ्र हवं, हवा कोरडी हवी, आणि वारा पडायला हवा. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता वर आभाळात सोडून देते. आभाळात ढग असले, की ते गोधडीसारखे ती उष्णता अडवतात. वारा असला, तर वरची ऊबदार हवा खाली कालवली जाते. बंगालच्या उपसागराकडून थोडी जरी दमट हवा आली, की ढग जमलेच. मग रात्री बाराला आभाळ भरून आलं, की मामंजी गच्चीवरून खाली येत आणि उदास स्वरात म्हणत, "मोडलं!"

उलट कधी दोन दिवस ढगाळ, उबट जायचे. आम्ही म्हणायचो, "गेली बाई थंडी." मामंजी मात्र हात चोळत बसायचे. तो विक्षोभ उत्तरेतून सरकत असायचा आणि खरी थंडी त्याच्या पाठीशी असायची. आठवडाभर आधीपासून चाहूल लागते, पण शेवटच्या रात्रीपर्यंत खात्री नसते. त्या धाकधुकीतच या माणसांची सारी गोडी.

आणखी एक गंमत आहे. थंडी घरागणिक वेगळी असते. गार हवा जड, त्यामुळे ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. ओढ्याकाठच्या मळ्यात साचते; दाट वस्तीच्या पेठेत, जिथे भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात, तिथे कमी जाणवते. एकाच गावात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून तर "तुमच्याकडे किती?" हा प्रश्न. सरकारी आकडा एका जागेचा. आपला आकडा आपल्या अंगणाचा.

विक्रम तर मामंजींना तोंडपाठ होते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश. आपल्या नाशकात ७ जानेवारी १९४५ ला ०.६. आणि मुंबईकर मैत्रिणींनो, तुमच्या सांताक्रूझला २७ जानेवारी १९६२ ला चक्क ७.४! घामाच्या धारांत लोकल पकडणाऱ्यांना खरं वाटेल का?

चार फुटांवरची पांढरी पेटी

गच्चीवर मामंजींची एक पांढरी लाकडी पेटी होती. सुतारानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यानं विचारलं म्हणे, "कबुतरं पाळणार का?" चार पायांवर उभी, चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे वारा खेळतो पण ऊन आत शिरत नाही. दार उत्तरेला. आतला तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर. अशी पेटी योजली ती टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनियरानं. हा दीपगृहं बांधणारा माणूस, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप.

आपण 'पारा उतरला' म्हणतो खरं, पण रात्रीचं किमान तापमान मोजणाऱ्या नळीत पारा नसतोच, मद्यार्क असतो. त्यात एक बारीक काडी असते. थंडीनं मद्यार्क आकसला, की तो काडीला मागे ओढत नेतो. सकाळी ऊब आली, की मद्यार्क पुढे सरकतो, काडी मात्र तिथेच राहते. म्हणजे आपण झोपेत असताना रात्र कुठवर उतरली, त्याची खूण! सोवळ्यातल्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शिव शिव! म्हणजे गच्चीवर इतकी वर्षं दारू आहे?"

पुण्याच्या शिवाजीनगरला हवामान खात्याची भारदस्त दगडी इमारत आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्य काम सिमल्याहून तिथे आलं, म्हणून लोक तिला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. हवामानाची उपकरणं परदेशातून न आणता आपल्या देशात नीट बनावीत, यासाठी त्या पुण्यात झटणारी एक स्त्री होती, बरं का! ॲना मणी. केरळात १९१८ मध्ये जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात आल्या आणि उपमहासंचालकपदापर्यंत चढून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. मामंजी त्यांचं नाव फार आदरानं घ्यायचे. "अंदाज चुकला तर लोक हसतात, पण आधी मोजमाप बरोबर हवं," असं म्हणायचे.

पेटी चार फुटांवर, पण खरी गंमत पायाखाली. निरभ्र रात्री गवताची पाती हवेपेक्षाही जास्त गार पडतात. म्हणून महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तापमापक तीन-चार अंश दाखवत असतानाही गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं दिसतं.

माझा तापमापक स्वयंपाकघरात

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मलाही थंडी मोजता येते. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठू लागतं. बाटली नुसती डोक्याशी गढूळ झाली, की रात्र गार. सकाळी दगड झाली, की थंडी मुक्कामाला आली. विरजण नेहमीच्या वेळेत लागेना, इडलीचं पीठ फुगेना, की समजावं. (अशा दिवसांत विरजणाचं दूध जरा जास्त कोमट घ्यावं, आणि पीठ उन्हाच्या खिडकीत किंवा गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवावं.)

एके दिवशी तिन्हीसांजेला मी अंगणात उभी होते. शेजारच्या चुलींचा धूर वर न जाता कौलांवर आडवा पसरला होता, दुलईसारखा. मी सहज म्हटलं, "मामंजी, आज रात्री फार पडणार." ते चमकले. "कशावरून?" मी धूर दाखवला. ते म्हणाले, "शाबास! जमिनीलगतची हवा गार झाली आणि वरची ऊबदार राहिली, तर ती झाकणासारखी बसते. धूर वर कसा जाणार?" त्या रात्री मीही दोनदा गच्चीवर जाऊन आले. ह्यांनी विचारलं, "तुलाही लागलं का ते वेड?" लागलं होतंच!

"तुमच्या चारानं बाग नेला"

त्या पहाटेचा 'साडेचार' अखेर चारवर थांबला. मामंजी आकडे वहीत लिहीत, आणि पाचाच्या खाली गेला की शेजारी शाईनं एक चांदणी काढत. त्या दिवशी त्यांनी दोन चांदण्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं आल्या. त्या निफाड तालुक्यात दिलेल्या, घरचा द्राक्षबाग. डोळे सुजलेले. मी पाणी दिलं, तर पेला हातातच राहिला. द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत अशी थंडी पडली, की वाढ खुंटते आणि साल तडकते. तडकलेला मणी कोण घेणार? वर्षभराची औषधं, मजुरी, डोक्यावरचं कर्ज. वन्सं उघड्या वहीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या चारानं आमचा बाग नेला हो."

मामंजी काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत. सासूबाईंनी आडून सुचवलं, "थंडी काय तुम्ही पाडलीत?" तर म्हणाले, "पाडली नाही. पण कालच्या संध्याकाळी मला ठाऊक होतं. आणि मी कुणाला सांगितलं? पोस्टातल्या गोखल्याला!"

तेव्हापासून वहीत चांदणी कधी निघाली नाही. तिच्या जागी एक नवा रकाना आला: 'निफाडला कळवले'. लक्षणं जुळताहेत असं दिसलं, की मामंजी दुपारीच कोपऱ्यावरच्या दुकानातून वन्संच्या गावी फोन लावत. "आभाळ मोकळं आहे, वारा पडतोय. आज शेकोट्या तयार ठेवा." मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटत, विहिरीचं कोमट पाणी सोडलं जाई. सगळं वाचलं असं नव्हे. पण पुन्हा बेसावध राहून नुकसान झालं नाही.

आणि नवल बघा, त्याच रात्री शेजारच्या शेतातला गहू आणि हरभरा खुशीत असायचा. त्यांना थंडी मानवते. एकच रात्र, एका बांधाच्या अलीकडे हसू, पलीकडे आसू.

थंडीची लाट आली की

हवामान खात्याच्या हिशेबानं सपाटीवर किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं, तर ती थंडीची लाट. ४ अंशांवर उतरलं, तर मग नेहमीचं किती ते बघायचंही कारण नाही. अशा दिवसांत घरात एवढं सांभाळावं:

वडीलधाऱ्यांचं पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर न्यावं. सर्वांत गार वेळ असते ती सूर्योदयाच्या आसपास. दमा, हृदयविकार असलेल्यांनी तर नक्कीच.

तान्ह्या बाळाचं डोकं आणि पावलं झाकावीत. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास ना रंग. झोपेतच घात होतो.

कामवाल्या बाईला, रात्रीच्या रखवालदाराला जुनं स्वेटर, घोंगडी द्यायची असेल, तर ती डिसेंबरात द्यावी. संक्रांत उलटल्यावर नव्हे.

वही अजून चालू आहे

मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आली. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा १.८ वर गेला आणि नागपूरला ३.५ वर, तेव्हा त्यांची फार आठवण आली. आज असते, तर रात्रभर गच्चीवरून खाली उतरले नसते.

आता मोबाईलवर आठवड्याचा अंदाज दिसतो. तरी दिवाळी झाली, की माझेही डोळे उत्तरेकडे लागतात. खोबरेलाची बाटली रोज उजेडात धरून बघते. थंडी मला आवडते, हे आता मी लपवत नाही. त्या स्वच्छ, शांत रात्री, टपोऱ्या चांदण्या, सकाळी तोंडातून निघणारी वाफ! आवडायला काय हरकत आहे? फक्त आपण आनंदानं वाट पाहतो आहोत, तीच कुणाच्या दारात संकट होऊन येणार असेल, तर आधी त्याला हाक मारावी.

वन्संचा मुलगा आता बाग बघतो. गेल्या थंडीत एका संध्याकाळी मी त्याला फोन केला. "आभाळ मोकळं आहे रे, वाराही पडलाय."

"पाहिलं मामी, मोबाईलवर आलंय."

"आलं असेल. शेकोट्या रचल्यास का?"

तो थोडा थांबला, मग हसला. "रचतो."

मी वही उघडली आणि 'निफाडला कळवले' या रकान्यात खूण केली.