ढगातला भोवरा रडारला कसा दिसतो?

चैत्र-वैशाखाच्या उन्हात पडीक रानातून वावटळ उठते. पाचोळा आणि धूळ घेऊन गरगरत जाते आणि बांधाशी विरते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या शेतकऱ्याला मात्र निराळ्याच वावटळीची धास्ती असते. ती गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखी खाली उतरते. तिला टोर्नेडो म्हणतात. घरांची छपरे आणि गोठे ती उचलून फेकते. तिची चाहूल आधी लागली तर माणसे वाचतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, ही चाहूल रडार कशी घेते ते पाहू.

विळ्यासारखी शेपटी

रडार आकाशात रेडिओलहरी सोडते. पावसाच्या थेंबांवर व गारांवर आपटून त्या परत येतात. त्यावरून पाऊस कोठे व किती, हे कळते. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यात पाऊस मोजण्याच्या एका रडारवर ढगाच्या चित्राला विळ्यासारखी वाकडी शेपटी दिसली. फिरत्या वाऱ्याने पाऊस आपल्याभोवती ओढून घेतला होता. पण ही खूण दर वेळी दिसत नाही, आणि वाऱ्याचा वेगही सांगत नाही.

मळणीचे खळे आठवा

रेल्वेगाडी शिटी देत जवळ येते तेव्हा आवाज बारीक व चढा लागतो, पुढे गेली की तो उतरतो. १८४२ मध्ये डॉप्लर या शास्त्रज्ञाने हा नियम मांडला. परतलेल्या लहरीतला असाच फरक पाहून डॉप्लर रडार थेंब जवळ येत आहेत की दूर जात आहेत, हे ओळखते.

आता मळणीचे खळे आठवा. तिवड्याभोवती बैल फिरत आहेत आणि आपण खळ्याबाहेर उभे आहोत. एका बाजूचे बैल आपल्याकडे येतात, दुसऱ्या बाजूचे दूर जातात. ढगातही तसेच. रडारच्या पडद्यावर जवळ येणारा वारा हिरवा व दूर जाणारा तांबडा दाखवतात. जोरदार हिरवा व जोरदार तांबडा ठिपका शेजारी-शेजारी चिकटून दिसले, की तिथे वारा गरगरतो आहे असे समजावे.

वीस मिनिटांचे मोल

२४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी या लहान गावावर टोर्नेडो आला. सुमारे ५० किलोमीटरवरील नॉर्मन येथील डॉप्लर रडारने त्या वादळाची नोंद घेतली होती. पुढे ती तपासताना शास्त्रज्ञांना दिसले, की भोवऱ्याची खूण ढगात उंचावर आधीच उमटली होती आणि मग खाली सरकली. १९७७ ते १९७९ च्या चाचण्यांत अशा खुणांवरून सरासरी सुमारे २० मिनिटे आधी इशारा देता आला. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा रडारांचे जाळे उभे राहिले.

वीस मिनिटांत काय होते? मुलाबाळांना व म्हाताऱ्या माणसांना घेऊन तळघरात उतरता येते. तिथल्या अनेक शेतघरांजवळ आपल्या पेवासारखी जमिनीत खणलेली, पण माणसांसाठीची खोली असते.

यंत्राची मर्यादा

फिरणारा प्रत्येक ढग टोर्नेडो सोडत नाही. शिवाय लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे १०० किलोमीटरवर रडारची सर्वांत खालची नजरही साधारण दीड किलोमीटर उंचीवर असते. जमिनीलगत काय चालले आहे ते तिला दिसत नाही. म्हणून वादळावर नजर ठेवून कळवणारे स्वयंसेवक तिथे आजही लागतात.

आपल्याकडे टोर्नेडो विरळाच. पण मुंबई व नागपूर येथील डॉप्लर रडार गडगडाटी ढगांवर पाळत ठेवतात, आणि वीज व गारपिटीचा इशारा आपल्यालाही मिळतो. रडारने मिळवून दिलेली मिनिटे वापरणे मात्र आपल्याच हाती आहे. इशारा आला की झाडाखालची गुरे सोडवा, औत तिथेच ठेवा आणि घर गाठा.