फिल्टर कोणता, यापेक्षा फिल्टर कुठे? किट कारच्या हवेविषयीचे गैरसमज

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने मोटार जोडण्याची हौस जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन बाजारात आणली. सुट्या भागांच्या रूपात घेतली तर तिच्यावर खरेदीकर लागत नसे, म्हणून ती घरी नेऊन जोडणारे पुष्कळ निघाले. १९७३ पासून ही गाडी केटरहॅम कंपनी बनवते, आणि तिच्या धर्तीवरच्या कितीतरी किट कार आजही ब्रिटनमध्ये घरोघरी जोडल्या जातात. इंजिन अनेकदा एखाद्या जुन्या फोर्डचं असतं. चौकट, सस्पेन्शन, रंग यांवर बांधणारा जीव ओततो. इंजिन श्वास कुठून घेणार याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो. मूळ गाडीतला फिल्टरचा डबा बुटक्या बॉनेटखाली मावत नाही. मग तो निघतो आणि त्याच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, जिथे जागा सापडेल तिथे बसतो.

गैरसमज: उघडा फिल्टर लावला की ताकद वाढते.

वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. काढून टाकलेल्या त्या कुरूप प्लॅस्टिकच्या डब्याला बहुतेक वेळा पुढच्या बाजूची, बाहेरची हवा मिळत असते. सेव्हनच्या घडणीत रेडिएटर नाकात असतो आणि त्यातून तापून आलेली हवा थेट इंजिनाभोवती फिरते. उघडा फिल्टर नेमका त्याच हवेत उभा राहतो.

हिशेब सोपा आहे. हवा २० अंशांवरून ५० अंश सेल्सियसवर गेली की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. ताकद तेवढ्याच प्रमाणात पडत नाही, पण जाणवेल इतकी नक्की पडते. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकण्याचा, धोका वाढतो. आधुनिक इंजिनाचा संगणक ते ओळखून इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे आणखी थोडी ताकद गेली.

इंजिनाची जातही पाहावी लागते. मिनीचं ए-सिरीज किंवा एमजीबीचं बी-सिरीज इंजिन घ्या. त्यांत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, जवळजवळ एकमेकांना चिकटून असतात. फोर्डच्या केंट इंजिनाला १९६७ मध्ये क्रॉसफ्लो हेड मिळालं, तेव्हा हवा एका बाजूने आत आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर अशी सोय झाली. पहिल्या प्रकारात कार्बोरेटर आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावणं हे कोणत्याही महागड्या फिल्टरपेक्षा मोठं काम आहे.

गैरसमज: ॲल्युमिनियमच्या पाइपमुळे हवा तापते, म्हणून त्याला वेष्टण हवं.

दोन लिटरचं इंजिन ६,००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण ६,००० लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला शंभर लिटर. ७० मिलिमीटरच्या पाइपातून ती सेकंदाला २६ मीटर वेगाने जाते. मीटरभर पाइप ओलांडायला तिला सेकंदाचे चार शतांश लागतात. एवढ्या वेळात ती फारशी तापत नाही. गर्दीत गाडी रखडली की पाइप तापतो, हे खरं. पण पुरता थ्रॉटल उघडलेला असताना महत्त्व असतं ते पाइपाचं तोंड कुठे आहे याला. धातूला नाही.

व्यासाला मात्र फार महत्त्व आहे. तीच हवा ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेली तर वेग जवळपास दुप्पट होतो आणि दाबाचा तोटा सुमारे चौपट. पाइपाचं तोंडही दुर्लक्षित राहतं. सरळ कापलेल्या तोंडाऐवजी कर्ण्यासारखं गोलसर तोंड दिलं, तर तिथला तोटा दहाव्या हिश्शाहूनही खाली येतो. त्या तोंडासमोर फिल्टरची भिंत अगदी टेकवली, तर हा फायदा हातचा जातो. निदान पाइपाच्या व्यासाइतकी जागा मोकळी सोडावी.

गैरसमज: पुढे तोंड करून स्कूप लावला की फुकटचा सुपरचार्जर मिळतो.

ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नसतो. ताशी १६० ला तो सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. स्कूपचा खरा फायदा दाबाचा नाही, थंड हवेचा आहे. त्यासाठी तोंड नाकातच हवं असंही नाही. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवा अडून तिथला दाब वाढतो, आणि १९६० च्या दशकात शेव्हरोलेने कमॅरो झेड-२८ च्या काउल इंडक्शनमध्ये हीच जागा वापरली होती. उलट बॉनेटच्या मधल्या भागावर बहुधा दाब कमी असतो. तिथे पाडलेलं भोक हवा आत घेण्याऐवजी बाहेर ओढतं.

कार्बोरेटर असेल तर आणखी एक खोच आहे, आणि इथे अनेकांची गाडी विनाकारण बिघडते. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर तोच दाब असायला हवा, जो कार्बोरेटरच्या तोंडाशी आहे. स्कूपमुळे फिल्टरच्या डब्यात दाब वाढला आणि चेंबरची हवानळी बाहेर उघडी राहिली, तर वेगात पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर पूर्ण जोर म्हणजे पिस्टनच्या जिवावर बेतणं. मेकॅनिक जेट बदलत बसतो, आणि दोष असतो स्कूपमध्ये.

गैरसमज: हवा जितकी थंड तितकी चांगली.

इंजेक्शनच्या गाडीला हे बऱ्याच अंशी लागू आहे. कार्बोरेटरला नाही. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. बाहेर पाच-दहा अंश तापमान आणि दमट हवा, म्हणजे ब्रिटनचा नेहमीचा हिवाळा असेल, तर कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात, म्हणजे व्हेंचुरीत, चक्क बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या फिल्टरला उन्हाळा-हिवाळा अशी झडप असे, आणि हिवाळ्यात एक्झॉस्टजवळची ऊबदार हवा घेतली जाई. बारा महिने चालणारी कार्बोरेटरची गाडी बांधणाऱ्याने ही सोय मोडू नये.

गैरसमज: हलक्या गाडीला जाळी पुरते, फिल्टर म्हणजे अडथळाच.

पुरेशा क्षेत्रफळाचा स्वच्छ कागदी फिल्टर फारच थोडा अडथळा करतो. जाळी खडे अडवते, धूळ अडवत नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजवते ती डोळ्यांना न दिसणारी बारीक वाळूची धूळ. फिल्टरचं आणखी एक काम क्वचितच बोललं जातं. कार्बोरेटरमधून ज्वाळा उलटी आली तर फिल्टर तिला अडवतो, आणि फायबरग्लासच्या बॉनेटखाली ही किरकोळ बाब नाही. तेल लावलेला सुती फिल्टर तेवढ्याच आकारात थोडी जास्त हवा देतो, पण सहसा बारीक धूळ कागदाइतकी पकडत नाही. तेल जास्त झालं तर ते हवामापक सेन्सरवर बसून संगणकाला चुकीचे आकडे देतं.

बंपरच्या खाली किंवा पुढच्या चाकामागे फिल्टर बसवणारे थंड हवेच्या मोहात पाणी विसरतात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तुंबलेल्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका असं मुंबईत पावसाळ्यात बजावतात, ते याचसाठी.

या सगळ्याला अंदाजाची गरज नाही, मोजता येतं. पारदर्शक नळी यू आकारात वळवून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडच्या बाजूला जोडा, दुसरं उघडं ठेवा. गाडी पूर्ण थ्रॉटलवर असताना शेजारी बसलेल्याने पाण्याच्या पातळीतला फरक वाचावा. १०० मिलिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का वाया. पाइपाच्या वेगवेगळ्या जागी मोजत गेलं की अडथळा फिल्टरमध्ये आहे, वळणात आहे की तोंडाशी, ते उघड होतं. सोबत एक तापमापक फिल्टरच्या तोंडाशी आणि एक गाडीबाहेर ठेवावा.

फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी पेट्रोलवरची गाडी बांधणाऱ्या आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे उपयोगी पडेल. त्यांच्या इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या बंधनकारक भोकातून घ्यावी लागते, त्यामुळे भोकाआधी वाया गेलेला दाब त्यांना जास्तच महाग पडतो. किट कार असो वा स्पर्धेची गाडी, नवा फिल्टर विकत घेण्याआधी दाबाचा आणि तापमानाचा, हे दोन्ही आकडे हातात असू द्या.